अंगणवाडी आणि तान्हें मूल

धामणगाव रेल्वेच्या आसपास कापसाची वेचणी लागली म्हणजे मजूर स्त्रीचें तान्हें मूल कोठें असतें? धुऱ्यावरच्या झोळींत, नाहीं तर थोरल्या बहिणीच्या कडेवर. तिची शाळा मग बुडालीच.

मूल शाळेंत येत नसेल तर शाळाच त्याच्या अंगणांत न्यावी, हें ताराबाई मोडकांनीं १९४५ पासून बोर्डीस करून दाखविलें. १९७५ च्या एकात्मिक बालविकास योजनेनें अंगणवाडी देशभर नेली. आरंभींच्या मोजक्या प्रकल्पांत याच जिल्ह्यांतील धारणी होती. परंतु तेथें बसून शिकतें, जेवतें तें तीन ते सहा वर्षांचें मूल. त्याहून लहानास घरीं न्यावयाचा शिधा. आणि मेंदू तर पहिल्या तीन वर्षांतच सर्वांत झपाट्यानें वाढतो! शिधा कांहीं मुलास सांभाळीत नाहीं. अंगणवाडीस पाळणाघर जोडणारी ‘पाळणा’ योजना २०२२ सालीं आली. तींत सहा महिन्यांचें मूलहि ठेवतां येतें.