बाण कुठून निघाला?

शाळेत 'आलेख' म्हटले की मुलांना चौकटींचा कागद, क्ष-अक्ष आणि य-अक्ष आठवतात. गणितात आणखी एक आलेख असतो. त्यात फक्त बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा असतात. बिंदू म्हणजे माणूस, गाव, पुस्तक, काहीही. रेषा म्हणजे त्यांच्यातले नाते. काही नाती दोन्ही बाजूंनी सारखी असतात. सलीम रशीदचा भाऊ असेल तर रशीदही सलीमचा भाऊच. पण सलीम रशीदचा बाप असेल तर रशीद सलीमचा बाप होत नाही. असे एकतर्फी नाते दाखवायला रेषेला बाणाचे टोक द्यावे लागते. बाणांच्या अशा आलेखाला दिशायुक्त आलेख म्हणतात.

या शाखेची सुरुवात १७३६ मध्ये झाली असे मानतात. कोनिग्सबर्ग शहरात ७ पूल होते. प्रत्येक पूल एकदाच ओलांडून शहराची फेरी पूर्ण करता येईल का, असा प्रश्न होता. लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने ते अशक्य असल्याचे सिद्ध केले. त्या पुलांना दिशा नव्हती. पुढे रेषांना दिशा मिळाली आणि ऑयलरचा हाच विचार आज डीएनए वाचण्याच्या कामी येतो. यंत्र डीएनएचे लहान लहान तुकडे वाचून देते. एका तुकड्याचे शेपूट दुसऱ्याच्या डोक्याशी जुळवत बाणांचा आलेख काढतात आणि सगळ्या बाणांवरून जाणारी वाट शोधून मूळ साखळी जोडतात.

इतर विषयांतही हे बाण आहेत. गवताकडून नाकतोड्याकडे, नाकतोड्याकडून बेडकाकडे, बेडकाकडून सापाकडे अन्नाची ऊर्जा जाते. बेडूक नाहीसे झाले तर झळ कोणाला लागेल, हे बाण पाहून सांगता येते. मोठ्या बांधकामात कोणते काम आधी, कोणते नंतर, हेही बाणांनीच ठरते. तिथे एकच अट असते: बाण फिरून पहिल्या जागी येता कामा नयेत. नोकरीसाठी अनुभव हवा आणि अनुभवासाठी नोकरी हवी, असे झाले की सुरुवातच करता येत नाही.

१९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी इंटरनेटकडे असेच पाहिले. एका पानावरून दुसऱ्या पानाकडे नेणारा दुवा म्हणजे बाण. एखाद्या पानाकडे किती बाण येतात एवढेच त्यांनी मोजले नाही, तर ते कोणाकडून येतात याला वजन दिले. गूगलचा शोध याच पायावर उभा राहिला.

किती जण सांगतात यापेक्षा कोण सांगतो आणि त्याला कोणी सांगितले, हा प्रश्न आपल्याला परका नाही. हदीसशास्त्राची उभारणीच त्यावर आहे. 'सहीह बुखारी'तील पहिली, निय्यतीविषयीची हदीस घ्या. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडून ती हजरत उमर (रजि.) यांनी ऐकली. त्यांच्याकडून अलकमा बिन वक्कास, मग मुहम्मद बिन इब्राहीम, यहया बिन सईद अन्सारी, सुफयान बिन उयैना, हुमैदी आणि शेवटी इमाम बुखारी (रह.). एकूण ७ बाण.

ही सनद कागदावर काढली तर एक गोष्ट चटकन दिसते. यहया बिन सईद यांच्यापर्यंत ओळ एकेरी आहे. त्यांच्यापासून पुढे मात्र अनेक शिष्यांकडे बाण फुटतात. म्हणजे त्यांच्या दहा शिष्यांनी ही हदीस सांगितली तरी ते दहा स्वतंत्र साक्षीदार ठरत नाहीत, कारण दहाही बाण एकाच बिंदूतून निघतात. हदीसच्या विद्वानांना हे ठाऊक होते. म्हणून त्यांनी डोकी मोजली नाहीत, एकेक रावी तपासला. तो सच्चा होता का, त्याची स्मरणशक्ती कशी होती, ज्याचे नाव तो सांगतो त्याला तो भेटला होता का? या चौकशीतून 'अस्मा-उर-रिजाल' हे शास्त्र उभे राहिले. निय्यतीची हदीस सहीह ठरली ती साखळीतील प्रत्येक जण या कसोटीला उतरला म्हणून. मधला एखादा बाण तुटलेला असेल तर सनद कमजोर ठरते. या विद्वानांनी याला आलेख म्हटले नाही, पण तपासले ते बिंदू आणि बाणच.

आता आपल्या हातातल्या फोनकडे पाहू. व्हॉट्सॲपवर अनेकदा पुढे गेलेल्या संदेशावर दुहेरी बाणाची खूण दिसते. संदेश खूप हातांतून आला एवढे ती सांगते. तो कुठून निघाला हे सांगत नाही. नात्यातल्या, मोहल्ल्यातल्या आणि शाळेच्या अशा तीन गटांवर तोच मजकूर आला की आपल्याला तीन साक्षी मिळाल्यासारखे वाटते. मूळ एकच असते, आणि तेही बेनाव.

याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा गावात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने भटक्या समाजातील ५ जणांना ठार मारले. मुले पळवणाऱ्यांची अफवा मोबाईलवरून फिरत होती. पुढे पाठवणाऱ्यांपैकी कोणीही त्यांच्यावर हात उचलला नसेल, पण बाण त्यांच्यामधूनच गेला.

बातमी आली तर आधी खातरजमा करा, नाहीतर नकळत कोणाचे नुकसान करून बसाल आणि मग पस्तावाल, अशी ताकीद सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत आहे. हे घरात मुलांना करून दाखवता येईल. पुढच्या वेळी असा संदेश आला की कागद घ्या. मध्यभागी आपले नाव लिहा. ज्यांच्याकडून संदेश आला त्यांची नावे लिहून त्यांच्याकडून आपल्याकडे बाण काढा. मग त्यांना विचारा, तुम्हाला कोणी पाठवला? दोन-तीन बाण मागे गेल्यावर बहुतेक वेळा उत्तर येते, 'माहीत नाही, असाच आला.' तिथे प्रश्नचिन्ह काढा आणि आपल्याकडून पुढे जाणारा बाण काढू नका.