पोथीची प्रत, फितीची प्रत

वडोदऱ्यातील सयाजीगंज टॉवरसमोर प्राच्यविद्या मंदिर आहे. वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती याच संस्थेने सिद्ध केली. तिची सात कांडे १९६० ते १९७५ या काळात प्रसिद्ध झाली. पोथ्या ताडून पाहणाऱ्या संपादकाला लेखनिकांचे प्रमाद पाठ असतात. सारख्या शब्दावर नजर घसरून मधली ओळ गळते; समासातील टीप पुढच्या प्रतीत मूळ संहितेत शिरते.

त्याच वर्षांत जगभरच्या संगणककक्षांत नकलेचे दुसरे एक कसब रूढ होत होते, ते म्हणजे चुंबकफितीची नक्कल. यंत्र करते तेव्हा प्रत बिनचूक निघणारच, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात लेखनिकाच्या बहुतेक चुकांना तेथे जुळे भाऊ सापडतात.

त्या काळची फीत अर्धा इंच रुंद आणि पूर्ण रिळात २४०० फूट लांब असे. प्लॅस्टिकच्या पट्टीवर लोहभस्माचा थर. नऊ ट्रॅकच्या फितीत रुंदीच्या दिशेने नऊ बिंदू बसत. त्यांतील आठांचे मिळून एक अक्षर होई, तर नववा बिंदू सम-विषम पडताळणीसाठी राखलेला असे. अक्षरे मात्र सलग लिहिली जात नसत. यंत्राला थांबून पुन्हा वेग घेता यावा म्हणून प्रत्येक ब्लॉकनंतर कोरी जागा सोडत. इंचाला १६०० अक्षरे या घनतेच्या फितीवर ही जागा साधारण ०.६ इंच असे. एवढ्याशा जागेचा हिशेब पाहण्यासारखा आहे. जागा न सोडता लिहिले तर रिळात साडेचार कोटींहून अधिक अक्षरे मावतील. पण छिद्रपत्राप्रमाणे ८०-८० अक्षरांचे ब्लॉक केले, तर ०.०५ इंच मजकुरामागे ०.६ इंच कोरे जाते आणि तीच फीत जेमतेम ३५ लाख अक्षरांत संपते. म्हणून अनेक नोंदी एकत्र बांधून मोठे ब्लॉक करीत.

नकलेतील पहिला खड्डा येथेच आहे. नक्कल करणारा प्रोग्राम एक ब्लॉक स्मृतीत घेतो आणि दुसऱ्या फितीवर उतरवतो. त्याने राखलेली जागा ब्लॉकपेक्षा लहान असेल तर शेपूट कापले जाते, आणि कच्चा प्रोग्राम त्याची वाच्यताही करीत नाही. दुसरा खड्डा शेवटाचा. एका फाइलनंतर एक खूण आणि लागोपाठ दोन खुणा म्हणजे फीत संपली, असा संकेत होता. तो सर्वांनीच पाळला असे नाही. दोन खुणांपलीकडे मजकूर असला तर संकेतावर विसंबलेला प्रोग्राम तेथेच थांबतो. शेवटचे पान न उलटणारा लेखनिकच म्हणायचा.

कामाची रीत साधी होती. एका यंत्रावर मूळ फीत, दुसऱ्यावर कोरी. रिळाच्या पाठीमागे प्लॅस्टिकचे कडे बसवले असेल तरच यंत्र लिहिणार. म्हणून मूळ फितीचे कडे काढून ठेवणे हा ऑपरेटरचा पहिला धडा. दोन्ही फितींची अदलाबदल झाली तरी कड्यावाचून मूळ पुसले जात नसे. मग ब्लॉक मोजायचे, दोन्ही फिती पुन्हा वाचून ताडायच्या. एकच यंत्र असलेल्या ठिकाणी मजकूर आधी डिस्कवर उतरवावा लागे. जेथे रोजचे हिशेब चालत, तेथे नव्या फितीबरोबर मागच्या दोन पिढ्याही जपत. त्यांना आजा, बाप आणि मुलगा असेच म्हणत. मुलगा बिघडला तर बापावरून तो पुन्हा तयार करता येई.

सर्वांत फसवी चूक लिपीची. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांची एब्सिडिक वर्णसंकेतप्रणाली आणि इतरांची आस्की यांत एकाच अक्षराला वेगवेगळे आकडे आहेत. एका कंपनीची फीत दुसरीच्या यंत्रावर न्यायची तर लिप्यंतर हवे. पण त्याच नोंदीत रकमा बहुधा अक्षरांत नसून, एका अक्षराच्या जागेत दोन अंक दाबून बसवलेले असत. सरसकट लिप्यंतर केले की नावे सुवाच्य होतात आणि रकमांचा चुराडा होतो. वरवर पाहणाऱ्याला नावे दिसतात. तो समाधानाने मूळ फीत पुसून टाकतो! मोडी कागद बाळबोधीत उतरवताना ऱ्हस्व-दीर्घ आपल्या मनाने ठरवावे लागते, म्हणून जाणता माणूस मूळ कागद फेकत नाही. तोच न्याय येथे लावायला हवा. आधी जशीच्या तशी नक्कल, लिप्यंतर त्यानंतर आणि वेगळ्या प्रतीवर.

पुसण्याचा मोह मोठमोठ्यांनाही आवरलेला नाही. अपोलो ११ च्या चांद्रप्रक्षेपणाच्या मूळ फिती नासाने पुढील कामांसाठी पुसून पुन्हा वापरल्या असाव्यात, असा निष्कर्ष २००९ साली जाहीर झाला. गोमंतकीय वाचकाला याचे गांभीर्य वेगळे सांगायला नको. दोनापावलची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ ची, तिची ‘गवेषणी’ नौका १९७६ ची. त्या पिढीतील शास्त्रीय मोजमापे जगभर अशाच फितींवर साठवली जात. १९७६ च्या समुद्राचे तापमान आज पुन्हा मोजता येत नाही.

आपल्याकडील दमट हवा हा फितीचा वैरी. लोहभस्म धरून ठेवणारा चिकट थर काही जातींच्या फितींत ओलावा शोषून विघटित होतो. फीत यंत्राला चिकटते आणि मजकुराची पूड होऊन खाली पडते. अशा फिती साधारण ५० अंश सेल्सियसच्या आसपास बरेच तास शेकतात. तेवढ्यापुरता थर घट्ट होतो आणि लगेच नक्कल करून घेतात. प्रत्येक जातीच्या फितीला हा उपाय मानवत नाही. तेव्हा कपाटात जुने रीळ सापडले, तर मिळेल त्या यंत्रावर ते लावून पाहू नये. रिळावर चिकटवलेली चिठ्ठीही काढू नये. घनता, ब्लॉकची लांबी, यंत्राचे नाव असा जो तपशील तिच्यावर असेल, तोच नक्कल करणाऱ्याला सर्वांत आधी लागतो.