फाशीचा निकाल चुकू शकतो का?

कनिष्ठ न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. पुढे सर्वोच्च न्यायालय, फेरविचार याचिका आणि राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज असे टप्पे असतात. १९८० च्या बच्चन सिंग खटल्यापासून ही शिक्षा केवळ 'दुर्मिळातल्या दुर्मिळ' गुन्ह्यासाठी आहे.

तरीही चूक होतेच. नाशिकजवळ २००३ मध्ये एका कुटुंबातील पाच जणांची हत्या झाली. उच्च न्यायालयाने सहा आरोपींपैकी तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली, पण २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. २०१४ पासून फाशीच्या फेरविचार याचिकांवर खुल्या न्यायालयात सुनावणी होऊ लागली आणि हे प्रकरण पुन्हा उघडले. प्रत्यक्षदर्शीने पोलिसांच्या छायाचित्रांतून वेगळ्याच चौघांना ओळखले होते. त्यांचा तपासच झाला नव्हता. ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष सुटले. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश राज्याला मिळाला.

आरोपी गरीब, भटक्या जमातीतले होते. चांगला वकील आणि प्रामाणिक तपास मिळणे नशिबावर अवलंबून असेल, तर परत न घेता येणारी शिक्षा न्याय्य म्हणता येत नाही.