नायिका ते वेशभूषाकार: सिंपल कपाडिया

जळगाव-धुळ्याकडच्या फॅशन डिझायनिंग शिकणाऱ्या पोरींनो, हे नाव माहीत आहे का? 1977 च्या 'अनुरोध'मध्ये सिंपल नायिका होती आणि नायक होता खुद्द तिचा भाऊजी, राजेश खन्ना! अभिनयात फारसा जम बसला नाही, मग ती वेशभूषेकडे वळली. कल्पना लाजमींच्या 'रुदाली'त राजस्थानातल्या गरीब शनिचरीचे कपडे तिने केले. ही शनिचरी म्हणजे थोरली बहीण डिंपल. 40व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत डिंपलला अभिनयाचा आणि सिंपलला वेशभूषेचा पुरस्कार, एकाच सिनेमासाठी! माझ्या मते खरी कसोटी झगमगाटात नसते, असल्या मळक्या, वापरलेल्या वाटणाऱ्या कपड्यांत असते. सिंपल 2009 मध्ये गेली. 'रुदाली' पुन्हा बघाल तेव्हा जरा कपड्यांकडेही लक्ष द्या.