शंभर मैलांची रानवाट : अरण्यातील शर्यतीचे नियोजन

मॅरेथॉनचे प्रमाणित अंतर ४२.१९५ किलोमीटर असून त्याहून लांब पल्ल्याच्या कोणत्याही शर्यतीला अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात. अशी शर्यत डांबरी रस्ता सोडून जंगलातल्या, डोंगरातल्या किंवा कच्च्या वाटांवरून घेतली जाते, तेव्हा तिची गणना ट्रेल रनिंगमध्ये, म्हणजे रानवाटेवरच्या धावण्यात होते. या प्रकारातील सर्वांत प्रतिष्ठेचे अंतर १०० मैल, म्हणजे सुमारे १६१ किलोमीटर आहे. ते पार करायला बहुतेक धावपटूंना एक पूर्ण दिवस आणि एक पूर्ण रात्र लागते. त्यामुळे आयोजकांना वाट आखण्याबरोबरच अन्न, पाणी, उजेड, औषधोपचार, दळणवळण आणि सुटका या सर्व गोष्टींची एक तात्पुरती व्यवस्था अरण्यात उभी करावी लागते आणि शर्यत संपताच ती मागमूस न ठेवता उचलावीही लागते. या व्यवस्थेतील जवळजवळ प्रत्येक निर्णय धावपटूंच्या क्षमतेआधी अरण्याच्या क्षमतेचा विचार करून घ्यावा लागतो, ही गोष्ट अमेरिकेतील एका वनोद्यानाच्या उदाहरणावरून विशेष स्पष्ट होते.

ओसाड शेतांवर वाढलेले वन

नॉर्थ कॅरोलायना राज्यात रॅली, डरहॅम आणि कॅरी या शहरांच्या मधोमध विल्यम बी. अमस्टेड स्टेट पार्क हे सुमारे साडेपाच हजार एकरांचे वनोद्यान आहे. एका बाजूला विमानतळ आणि दुसऱ्या बाजूला महामार्ग असूनही आत ओक, हिकरी, बीच आणि पाइन यांचे दाट जंगल आहे. परंतु हे जंगल आदिम नाही. कापसाच्या आणि इतर पिकांच्या सततच्या लागवडीने या भागातील जमिनीचा कस गेला होता, मातीची धूप झाली होती आणि शेतकऱ्यांना उत्पन्न मिळेनासे झाले होते. महामंदीच्या काळात, १९३४ मध्ये, केंद्र व राज्य सरकारच्या यंत्रणांनी ही जमीन विकत घेण्यास सुरुवात केली आणि सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर या रोजगार योजनेतील तरुणांनी तेथे रस्ते, शिबिरे आणि इतर बांधकामे उभारली. १९३७ मध्ये हे उद्यान लोकांसाठी खुले झाले. वर्णभेदाच्या धोरणामुळे १९५० मध्ये त्यातील हजाराहून अधिक एकरांचे एक वेगळे उद्यान कृष्णवर्णीयांसाठी करण्यात आले होते. १९६६ मध्ये ही दोन्ही उद्याने एक झाली.

या इतिहासाचा शर्यतीशी थेट संबंध आहे. १९९५ पासून येथे होणारी अमस्टेड १०० ही शंभर मैलांची शर्यत ज्या मार्गावरून जाते, तो मुख्यतः घोडेस्वारांसाठी व सायकलस्वारांसाठी राखलेला, बारीक खडी दाबून केलेला रुंद मार्ग आहे, आणि शर्यतीचे मुख्यालय जुन्या सामूहिक शिबिराच्या आवारात असते. एकदा उजाड झालेल्या आणि अनेक दशकांच्या संगोपनाने पुन्हा सावरलेल्या जमिनीवर शेकडो लोकांना धावू द्यायचे, तर त्यांना कोमल मातीच्या अरुंद पायवाटांवर न पाठवता भार सोसणाऱ्या मार्गावर ठेवणे हाच विवेक ठरतो.

फेरीचे गणित

शंभर मैलांची वाट तीन प्रकारे आखता येते : एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाणारी सरळ वाट, निम्मे अंतर जाऊन त्याच मार्गाने परत येणारी वाट, किंवा एकाच फेरीची पुनरावृत्ती. पहिल्या प्रकारात निसर्गाचे वैविध्य अधिक असले तरी प्रत्येक मदतकेंद्रासाठी स्वतंत्र माणसे, वाहने आणि रस्ते लागतात, आणि मर्यादित क्षेत्राच्या उद्यानात एवढे सरळ अंतर मिळतही नाही. अमस्टेड येथे साडेबारा मैलांची, म्हणजे सुमारे २० किलोमीटरची, फेरी आठ वेळा पूर्ण करावी लागते आणि त्यासाठी ३० तासांची मुदत असते. याचा अर्थ प्रत्येक फेरीला सरासरी पावणेचार तास मिळतात आणि मुक्कामाच्या वेळेसह ताशी साधारण ५.४ किलोमीटरचा वेग टिकवावा लागतो. सुरुवातीला हा वेग सोपा वाटतो. मध्यरात्रीनंतर, शंभर किलोमीटर पायांखालून गेल्यावर, तोच अनेकांना राखता येत नाही.

फेरीच्या रचनेमुळे धावपटू प्रत्येक २० किलोमीटरनंतर मुख्यालयात परततो आणि त्याची प्रकृती अनुभवी नजरेखालून जाते. थकलेल्याला थांबवणे सोपे होते. मार्गाच्या मध्यावर आणखी एक मोठे केंद्र ठेवले की माणसे आणि साहित्य विखुरत नाही. पन्नास मैलांनंतर थांबणाऱ्यालाही तेवढ्या अंतराचे श्रेय देण्याची येथील पद्धत सुरक्षिततेच्या दृष्टीनेही महत्त्वाची आहे, कारण रिकाम्या हाताने परतण्याच्या भीतीने जखमी माणूस पुढे रेटत राहण्याचा धोका त्यामुळे कमी होतो. मात्र या रचनेची किंमत वाटेला मोजावी लागते. अडीचशे धावपटू आठ फेऱ्या करतात असे गृहीत धरले, तर एकाच जागेवरून दीड दिवसापेक्षा कमी काळात दोन हजार वेळा माणूस जातो. ओल्या मातीवर एवढी वर्दळ झाली तर माती दाबली जाते, पाणी मुरेनासे होते, ते वाटेवरूनच वाहू लागते आणि झाडांची मुळे उघडी पडतात; शिवाय चिखल टाळण्यासाठी धावपटू कडेने जाऊ लागले की वाट दर तासाला रुंद होत जाते. म्हणून फेऱ्यांच्या शर्यतीसाठी मार्गाचा पृष्ठभाग हा पहिला निकष असतो.

संख्येची मर्यादा

उद्यानाची परवानगी मिळवताना आयोजकांना मार्गाचा नकाशा, धावपटूंची कमाल संख्या, वाहनतळ, स्वच्छतागृहे, विमा, वैद्यकीय योजना आणि रात्रीच्या वावराची व्यवस्था सादर करावी लागते. यात संख्या हा कळीचा मुद्दा असतो. कॅलिफोर्नियातील वेस्टर्न स्टेट्स ही या क्षेत्रातील आद्य शर्यत या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे. १९५५ पासून चालत आलेल्या शंभर मैलांच्या घोडदौडीत १९७४ साली गॉर्डी एन्सली हे घोड्याविना पायी धावले आणि २३ तास ४२ मिनिटांत पोहोचले. त्यातून पुढे धावपटूंची स्वतंत्र शर्यत उभी राहिली. १९८४ च्या कायद्याने तिच्या मार्गातील ग्रॅनाइट चीफ हा भाग संरक्षित वन्यक्षेत्र ठरला आणि शर्यतीला जुन्या प्रमाणातच मुभा मिळाली, म्हणून आजही तेथे सुमारे ३६९ धावपटूंनाच प्रवेश मिळतो व हजारो अर्जांतून सोडतीने निवड होते. मागणी कितीही वाढली तरी हा आकडा वाढत नाही, आणि शर्यतीची प्रतिष्ठा त्यामुळे उणावलेली नाही.

टेनेसी राज्यातील फ्रोझन हेड स्टेट पार्कमध्ये १९८६ पासून होणारी बार्कली मॅरेथॉन्स याहून टोकाची आहे. तेथे सुमारे चाळीस जणांनाच प्रवेश मिळतो, वाटेवर खुणा नसतात, आणि ठरावीक ठिकाणी ठेवलेल्या पुस्तकांतून स्वतःच्या क्रमांकाचे पान फाडून आणणे हाच फेरी पूर्ण केल्याचा पुरावा असतो. पाच फेऱ्या ६० तासांत पूर्ण करणारी पहिली महिला, जॅस्मिन पॅरिस, २०२४ मध्ये केवळ ९९ सेकंद शिल्लक असताना पोहोचली. एवढी कठीण आणि वाटेबाहेरून जाणारी शर्यत उद्यानात चालू शकते, ती धावपटूंची संख्या अत्यल्प ठेवल्यामुळेच.

खुणा, खाणे आणि पाणी

दाट झाडीत उपग्रहाधारित घड्याळे अंतर चुकीचे दाखवू शकतात, कारण पाने आणि खोडे यांमुळे संकेत अडतात किंवा परावर्तित होतात. यास्तव मार्गाची लांबी मोजण्यासाठी चाकाच्या फेऱ्या मोजणारे साधन अधिक भरवशाचे ठरते. वळणांवर रंगीत फिती बांधल्या जातात, चुकीच्या फाट्यावर आडवी खूण केली जाते आणि रात्रीसाठी डोक्याला बांधलेल्या दिव्याच्या, म्हणजे हेडलॅम्पच्या, प्रकाशात चमकणाऱ्या पट्ट्या लावल्या जातात. झाडावर खिळा ठोकणे किंवा रंग लावणे वर्ज्य असते. फाट्यानंतर थोड्याच अंतरावर आणखी एक खूण लावण्याचा प्रघात आहे, जेणेकरून आपण योग्य वाटेवर आहोत ही खात्री धावपटूला लगेच पटते.

मदतकेंद्रे ही या शर्यतीची अन्नछत्रे होत. उकडलेले बटाटे व मीठ, सूप, केळी, गोड पेये, सँडविच असे सहज पचणारे पदार्थ तेथे अहोरात्र मिळावे लागतात, कारण शरीरातील साखरेचा साठा काही तासांतच संपतो आणि पुढचा प्रवास वाटेत खाल्लेल्या अन्नावर व चरबीवर चालतो. पाण्याबाबत मात्र अतिरेकही घातक असतो. तहानेपेक्षा फार जास्त पाणी प्यायल्याने रक्तातील सोडियमचे प्रमाण लिटरमागे १३५ मिलिमोलच्या खाली जाते. या अवस्थेला हायपोनॅट्रेमिया म्हणतात आणि तीव्र झाल्यास ती मेंदूला सूज आणून प्राणघातक ठरते. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ततपासणीत १३ टक्के जणांमध्ये ती आढळली होती. म्हणून गोंधळलेल्या, ओकाऱ्या होणाऱ्या धावपटूला सरसकट पाणी पाजू नये, हे प्रत्येक केंद्रावरील स्वयंसेवकाला ठाऊक असणे आवश्यक असते.

रात्र आणि मोजदाद

अमस्टेड येथील शर्यत वसंताच्या आरंभी होते, तेव्हा रात्र जवळपास बारा तासांची असते. रात्री थकवा आणि झोप यांमुळे निर्णयशक्ती क्षीण होते, म्हणून उत्तरार्धात सोबत धावणारा साथीदार, ज्याला पेसर म्हणतात, घेण्याची मुभा दिली जाते. प्रत्येक केंद्रावर प्रत्येक क्रमांकाची येण्याजाण्याची वेळ नोंदवली जाते. मोबाइलचे जाळे पोहोचत नाही अशा अरण्यांत ही माहिती अनेकदा हॅम, म्हणजे हौशी रेडिओचालक, एकमेकांना कळवतात. ठरावीक वेळेनंतर केंद्रावर पोहोचणाऱ्याला थांबवले जाते, त्या मुदतीला कट-ऑफ म्हणतात, आणि सर्वांत शेवटी स्वीपर ही तुकडी वाटेवर कोणी राहिले नाही याची खात्री करत येते. मैदान सोडणाऱ्याने आपली नोंद रद्द करून जाणे बंधनकारक असते, कारण न कळवता घरी गेलेल्या एका माणसासाठी शोधपथक रात्रभर जंगल धुंडाळू शकते.

या व्यवस्थेत ढिलाई झाली तर काय होते, हे २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात दिसले. बाईयिन शहराजवळील पाषाणवनाच्या उद्यानातील १०० किलोमीटरच्या शर्यतीत १७२ धावपटू होते. उंचावरील भागात अचानक गारठा, पाऊस आणि प्रचंड वारा आला, आणि २१ जण दगावले. त्यात चीनमधील नामवंत धावपटू लियांग जिंग यांचाही समावेश होता. उबदार जाकीट जवळ बाळगणे सक्तीचे नव्हते, आणि सर्वांत धोक्याच्या टप्प्याजवळ वाहन पोहोचू शकत नव्हते. एका मेंढपाळाने काही धावपटूंना गुहेत नेऊन शेकोटीजवळ ठेवले म्हणून त्यांचे प्राण वाचले. आल्प्समधील यूटीएमबीसारख्या शर्यतींत जलरोधक जाकीट, दिवा, आपत्कालीन उबदार चादर आणि शिट्टी जवळ असल्याची तपासणी होते, ती या कारणानेच. शर्यत थांबवण्याचा अधिकार कोणाकडे आहे आणि तो कोणत्या स्थितीत वापरायचा, हे आधीच लेखी ठरलेले असले पाहिजे. वादळ आल्यावर त्यावर चर्चा करायला वेळ नसतो.

महाराष्ट्रापुढील प्रश्न

सह्याद्रीतही आता या खेळाने मूळ धरले आहे. सिंहगड, राजगड आणि तोरणा हे किल्ले जोडणारी एसआरटी अल्ट्रा ही त्यातील परिचित शर्यत आहे. मात्र अमस्टेडचा आराखडा जसाच्या तसा येथे उचलता येणार नाही. अमेरिकेतील राज्य उद्याने प्रामुख्याने लोकांच्या विरंगुळ्यासाठीही राखलेली असतात, तर भारतातील राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली येतात आणि तेथील प्रवेशच मुळात परवानगीच्या अधीन असतो. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानासारख्या ठिकाणी बिबट्यांचा वावर रात्री वाढतो, त्यामुळे शेकडो हेडलॅम्प आणि लाउडस्पीकर घेऊन रात्रभर धावण्याची कल्पना तेथे समर्थनीय ठरत नाही. गडांच्या वाटा अरुंद आणि घसाऱ्याच्या असल्याने संख्येची मर्यादा तेथे अधिकच कठोर हवी. पावसाळ्याअखेरची ओली माती आणि हिवाळ्याअखेरचे वाळलेले, पेट घेणारे गवत या दोन्ही काळांना टाळून तारीख निवडावी लागते. आणि वाटेवरच्या गावांना शर्यतीच्या आखणीत व उत्पन्नात वाटा मिळाला पाहिजे, कारण संकटात सर्वांत आधी पोहोचणारी माणसे तीच असतात.

महाराष्ट्रात अशी शर्यत आखू पाहणाऱ्या प्रत्येक संस्थेने नोंदणी सुरू करण्यापूर्वी तीन गोष्टी जाहीर कराव्यात : त्या वाटेला सोसेल अशी धावपटूंची कमाल संख्या, शर्यत थांबवण्याचे निकष, आणि शर्यतीनंतर फिती व कचरा उचलून वाटेची दुरुस्ती करण्याची तारीख. धावपटूंनीही पदकाचे वजन आणि बक्षिसाची रक्कम विचारण्याआधी आयोजकांना हेच तीन प्रश्न विचारावेत, आणि समाधानकारक उत्तर न मिळाल्यास त्या शर्यतीत नाव नोंदवू नये.