एका घरात तीनशे पाहुणे: मेनफ्रेमवरचं लिनक्स

सोमवार, ५ जुलै २०१०. पहाटेचे ३ वाजत आले होते. सिंगापूरच्या डीबीएस बँकेत एका केबलची दुरुस्ती चालू होती. बँकेच्या मोठ्या संगणकाला डिस्कची एक यंत्रणा जोडलेली असते. बँकेची सगळी माहिती तिथे साठवतात. त्या यंत्रणेतली एक जोडणी नीट चालत नव्हती. काम तसं नेहमीचंच होतं, पण ते करताना जी पद्धत वापरली ती जुनी होती, रद्द झालेली होती. त्यामुळे केबल तर दुरुस्त झाली नाहीच, उलट बँकेची सगळी यंत्रणाच बंद पडली.

एटीएममधून पैसे येईनात. इंटरनेट बँकिंग उघडेना. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं पहिलं खातं पीओएसबीत असेल. पीओएसबी १९९८ पासून डीबीएसचाच भाग आहे, म्हणून तिची एटीएमही ठप्प. ('ठप्प होणे' म्हणजे पूर्ण बंद पडणे. बातम्यांमध्ये हा शब्द फार येतो.) सोमवार सकाळ, लोक कामाला निघालेले, आणि खिशात रोख पैसे नाहीत! सकाळी १० च्या सुमाराला सगळं पुन्हा सुरू झालं. म्हणजे जवळजवळ ७ तास गेले.

पुढच्याच महिन्यात सिंगापूरच्या मध्यवर्ती बँकेने, म्हणजे एमएएसने, डीबीएसला सांगितलं की सुमारे २३ कोटी सिंगापूर डॉलर जादा भांडवल बाजूला राखून ठेवा. तुम्ही शाळेत याला २३० मिलियन म्हणाल. मराठीत १ कोटी म्हणजे १० मिलियन, हे एकदा डोक्यात बसलं की मराठी वर्तमानपत्र वाचणं सोपं जातं.

ज्या मोठ्या संगणकाला ती डिस्कची यंत्रणा जोडलेली होती, त्याला मेनफ्रेम म्हणतात. आज त्याच्याबद्दल आणि त्याच्यावर चालणाऱ्या लिनक्सबद्दल वाचू. एक गोष्ट आधीच सांगते: त्या दिवशीच्या घोळात लिनक्सचा काही दोष नव्हता. पण मेनफ्रेमवर लिनक्स सांभाळणारा माणूस याच जगात काम करतो. त्याचा हात चुकला तर काय होऊ शकतं, ते कळायला ही घटना बरी पडते.

मी मराठी माध्यमाच्या शाळेत होते तेव्हा संगणकाच्या पुस्तकात मेनफ्रेमचं एक चित्र होतं. भलंमोठं कपाट, आणि खाली लिहिलेलं की हा जुन्या काळचा संगणक. पुस्तकाचं अर्धं बरोबर होतं. आयबीएमने आपली सिस्टीम ३६० ही मालिका १९६४ मध्ये जाहीर केली, आजचे मेनफ्रेम तिचेच वंशज. पण जुन्या काळचा म्हणजे संपलेला, असं नाही. २०२२ मध्ये आलेल्या आयबीएम झेड१६ या मेनफ्रेममध्ये २०० पर्यंत प्रोसेसर कोअर आणि ४० टेराबाइटपर्यंत मेमरी बसते. तुमच्या लॅपटॉपची मेमरी १६ गिगाबाइट असेल, तर असे अडीच हजार लॅपटॉप एकत्र केले की तेवढी होते.

तरी आकार ही त्याची खरी ओळख नाही. बंद न पडणं, ही आहे. प्रोसेसरचा एखादा कोअर बिघडला तर राखीव कोअर त्याची जागा घेतो, आणि चालू असलेल्या प्रोग्रामला पत्ताही लागत नाही. मेमरीचा एक भाग खराब झाला तरी माहिती शाबूत राहते. यंत्र इतकं काळजीपूर्वक बनवलेलं असतं, की उरलेल्या चुका बहुतेक वेळा माणसांच्या असतात. चुकीचा आकडा, चुकीची वेळ, जुनी पद्धत.

आता लिनक्स. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स लिहायला घेतलं ते घरातल्या छोट्या संगणकासाठी. मेनफ्रेमची स्वतःची वेगळी प्रणाली आधीपासून होती. तिला आज झेड-ओएस म्हणतात आणि बँकांची खाती बहुधा तिच्यावरच चालतात. मग तिथे लिनक्स कोणी नेलं? आधी काही हौशी लोकांनी स्वतःच्या आवडीने प्रयत्न केले. त्या प्रकल्पाचं नाव होतं बिगफूट. जर्मनीतल्या बोब्लिंगेन गावी आयबीएमची प्रयोगशाळा आहे. तिथले इंजिनियरही हेच काम करत होते, आणि डिसेंबर १९९९ मध्ये त्यांचं काम सगळ्यांसाठी खुलं झालं. तेव्हापासून लिनक्स मेनफ्रेमवर चालतंय.

पण एवढ्या मोठ्या यंत्रावर एकच लिनक्स चालवणं म्हणजे अख्ख्या एचडीबी ब्लॉकमध्ये एकाच माणसाने राहणं. म्हणून मध्ये आणखी एक प्रणाली बसवतात. तिचं नाव झेड-व्हीएम. ही त्या घराची यजमान. ज्याच्या घरी पाहुणे येतात, तो यजमान. आणि तिच्यावर चालणारं प्रत्येक लिनक्स म्हणजे पाहुणा. हे शब्द मी गंमत म्हणून वापरत नाहीये, इंग्रजीतही या क्षेत्रात हेच शब्द आहेत. प्रत्येक पाहुण्याला वाटतं की सगळा संगणक आपलाच आहे: आपला प्रोसेसर, आपली मेमरी, आपली डिस्क. खरं तर यजमान सगळ्यांना थोडं थोडं वाढत असतो. ही युक्ती लिनक्सपेक्षा खूप जुनी आहे. झेड-व्हीएमची पूर्वज प्रणाली आयबीएमने १९७२ मध्येच बाजारात आणली होती. २००० साली डेव्हिड बॉईज या अमेरिकन तज्ज्ञाने प्रयोग म्हणून एका मेनफ्रेमवर ४१,४०० लिनक्स सुरू करून दाखवली. अर्थात तो प्रयोग होता. खरं काम दिलं तर इतक्या पाहुण्यांची पंगत बसत नाही.

आपण हिशोबासाठी तीनशे पाहुणे धरू.

पाहुण्याने घरात कसं वागावं हे आपल्याला आई-आजी शिकवतात. लिनक्सला हे कोणी शिकवलेलं नव्हतं, कारण ते एकट्याच्या घरात वाढलं. सुरुवातीला लिनक्सला एक सवय होती. काही काम नसलं तरी ते सेकंदाला १०० वेळा जागं व्हायचं, घड्याळ बघायचं आणि परत झोपायचं. तुमच्या लॅपटॉपवर यात काहीच बिघडत नाही. पण तीनशे पाहुणे प्रत्येकी १०० वेळा उठले, तर यजमानाला सेकंदाला ३०,००० वेळा कोणाला तरी उठवावं लागतं, आणि तेही काहीच काम नसताना! शेवटी मेनफ्रेमवाल्यांनी लिनक्समध्येच बदल केला: काम असेल तेव्हाच ऊठ. पुढे अशीच सोय सगळ्यांच्या लिनक्समध्ये आली. आज लॅपटॉपची बॅटरी वाचते त्यात या विचाराचाही वाटा आहे.

मेमरीचंही तसंच. लिनक्सला जेवढी मेमरी द्याल तेवढी ते वापरून टाकतं. रिकामी ठेवण्याऐवजी डिस्कवरच्या फायली तिच्यात आणून ठेवतं, म्हणजे पुढच्या वेळी लवकर सापडतात. घरच्या संगणकावर ही चांगली सवय. इथे मात्र यजमानाला वाटतं, पाहुण्याला एवढी गरज आहे, आणि दुसऱ्याच्या ताटातलं कमी होतं. म्हणून मेनफ्रेमवर लिनक्सला मेमरी मोजून देतात. नव्याने आलेला इंजिनियर म्हणतो, "दे ना जास्त, यंत्र एवढं मोठं आहे!" जुना म्हणतो, "आधी लागते किती ते बघू." मला विचाराल तर या कामातला निम्मा शहाणपणा त्या जुन्याच्या वाक्यात आहे.

तिसरी सवय मजेशीर आहे. लिनक्सची काही घरकामं ठरलेल्या वेळी आपोआप होतात, जसं की जुन्या नोंदी आवरणं किंवा फायलींची यादी बनवणं. समजा, सगळ्या पाहुण्यांना पहाटे ४ ची वेळ दिली. तर पहाटे ४ ला तीनशे जण एकदम उठून झाडू मारायला लागतात आणि बँकेचं खरं काम रखडतं. उपाय अगदी साधा आहे: एकाला ४ ची वेळ, दुसऱ्याला ४ वाजून ३ मिनिटांची, तिसऱ्याला आणखी थोडी पुढची. ब्लॉकमधल्या सगळ्यांनी एकाच वेळी लिफ्टचं बटण दाबू नये, तसं.

रोजचं काम मात्र तुम्हाला ओळखीचं वाटेल. दुरून लॉगिन केलं की तोच काळा पडदा आणि त्याच आज्ञा. 'यूनेम' ही आज्ञा दिली की उत्तरात 'एस३९०एक्स' असं दिसतं, तेव्हा कळतं की हा साधा संगणक नव्हे. इंटेलच्या संगणकासाठी तयार केलेला प्रोग्राम इथे तसाच उचलून चालत नाही, तो या यंत्रासाठी पुन्हा तयार करावा लागतो.

नवीन लिनक्स बसवताना मात्र एकदम १९६० च्या दशकात गेल्यासारखं वाटतं. तेव्हा संगणकाला माहिती द्यायला जाड कागदाची कार्डं असायची. त्यांना भोकं पाडायची आणि ती कार्डं वाचणाऱ्या यंत्रात घालायची. एका कार्डावर ८० अक्षरं मावायची. कागदी कार्डं कधीच गेली. पण झेड-व्हीएममध्ये आजही प्रत्येक पाहुण्याला एक काल्पनिक कार्डवाचक असतो, आणि लिनक्स पहिल्यांदा सुरू करायचं तर त्याच्या फायली त्या कार्डवाचकात 'घालाव्या' लागतात. म्हणून सुरुवातीच्या सूचनांच्या फाईलमध्ये एका ओळीत ८० पेक्षा जास्त अक्षरं लिहायची नाहीत. कार्ड गेलं, कार्डाची रुंदी राहिली!

आता सगळ्यात धोक्याची जागा. घरच्या लिनक्सवर काम संपलं की आपण लॉगआउट करतो. संगणक चालूच राहतो, आपण फक्त बाहेर पडतो. मेनफ्रेमवर पाहुण्याची एक वेगळी खिडकी असते, यजमानाच्या बाजूची. तिथे काम झाल्यावर 'डिस्कनेक्ट' म्हणायचं असतं. सवयीने तिथे 'लॉगऑफ' म्हटलं, तर यजमान समजतो की पाहुणा घर सोडून गेला. तो त्याची खोली आवरून टाकतो: मेमरी परत, प्रोसेसर परत. लिनक्स त्या क्षणी बंद. भिंतीतून वायर उपटल्यासारखं. त्या लिनक्सवर बँकेचं काम चालू असेल तर तेही तिथेच थांबतं. आणि तुम्ही टाइप केलेला शब्द अगदी निरुपद्रवी वाटणारा. म्हणून या कामात नवीन माणसाला हा फरक पहिल्या आठवड्यातच शिकवायला हवा. आणि यजमानालाच, म्हणजे सगळ्या घरालाच, बंद करण्याची आज्ञा तर मोजक्या लोकांच्याच हातात देतात.

डीबीएसच्या घटनेनंतर, २०१३ मध्ये, एमएएसने बँकांसाठी लेखी नियम केले. महत्त्वाची यंत्रणा कोणत्याही १२ महिन्यांत अचानक बंद पडण्याचा एकूण वेळ ४ तासांपेक्षा जास्त होता कामा नये. मोठी गडबड लक्षात आली की १ तासाच्या आत एमएएसला कळवायचं. वर्षाला ४ तास! शनिवारी दुपारी थोडा मोठा सिनेमा बघितला तरी तेवढे जातात.

म्हणून इथे बँकेच्या यंत्रणेला हात लावायचा तर आधी कागद तयार करावा लागतो. काय बदलणार, कोणत्या क्रमाने, चुकलं तर परत कसं फिरायचं, आणि वापरतो आहोत ती पद्धत आजची आहे की मागच्या वर्षीची. दुसरा माणूस तो कागद वाचतो आणि शंका काढतो. काम बहुधा रविवारी पहाटे ठेवतात, कारण तेव्हा लोक झोपलेले असतात. २०११ पासून झेड-व्हीएममध्ये एक फार चांगली सोय आली आहे: चालू लिनक्सला न थांबवता एका मेनफ्रेमवरून दुसऱ्यावर हलवता येतं. पाहुण्याला झोपेतच उचलून शेजारच्या घरी नेऊन ठेवायचं, इकडे घराची दुरुस्ती करायची आणि मग परत आणायचं. तुमच्या ओळखीचे कोणी काका किंवा मावशी रविवारी दुपारी जेवायला आले आणि ताटावरच पेंगायला लागले, तर विचारून बघा. कदाचित ते रात्रभर अशाच पाहुण्यांची ने-आण करत असतील.

वाचून झालं की करा: 'ठप्प', 'शाबूत', 'राखीव' आणि 'रखडणे' हे शब्द वापरून एमआरटीबद्दल चार वाक्यं लिहा. 'डिस्कनेक्ट' आणि 'लॉगऑफ' यांतला फरक घरातल्या मोठ्या माणसाला मराठीत समजावून सांगा. त्यांनी एक तरी प्रश्न विचारायला हवा. आणि ४० कोटी म्हणजे किती मिलियन, ते कागद न घेता सांगा.