हातावर पोट, पण हाताकडे लक्ष कोणाचे?

शिंपी, सुतार, शेतमजूर, हमाल यांच्याविषयी बोलताना आपण ‘हातावर पोट’ हा शब्द सहज वापरतो. मी गिटार वाजवतो. सांगली-मिरज भागातल्या ऑर्केस्ट्रांमध्ये गेली २२ वर्षे साथ करतो आणि सकाळ-संध्याकाळ मुलांना शिकवतो. माझेही पोट हातावरच आहे, हे कळण्यासाठी मला मात्र हात बंद पडावा लागला. त्याची ही हकीकत. गिटारशी ज्यांचा काडीचा संबंध नाही, त्यांनीही ती वाचावी. का, ते पुढे येईलच.

कोरोनामुळे २०२० आणि २०२१ ही दोन्ही वर्षे आमचे कार्यक्रम बंद होते. शिकवण्याही थांबल्या. मी भावाच्या किराणा दुकानात बसू लागलो आणि गिटार खोळीत गेली. २०२२ मध्ये गणेशोत्सव पुन्हा मोकळेपणाने होणार असे ठरले आणि आमच्या ऑर्केस्ट्राला एकदम ११ कार्यक्रमांची सुपारी मिळाली. ३१ ऑगस्टला गणपती बसणार होते. दोन वर्षांचा गंज काढायचा म्हणून जुलैपासून मी रोज पाच-सहा तास सराव सुरू केला.

पंधरा दिवसांत एका रात्री दोनच्या सुमारास जाग आली. डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना मुंग्या आल्या होत्या. हात झटकला, बरे वाटले, झोपलो. मग हे रोजचेच झाले. सकाळी बोटे जड वाटत. तरी मी कोणाला बोललो नाही. दोन वर्षांनी मिळालेले काम, आणि हात दुखतो म्हटले तर जागेवर दुसरा मुलगा उभा राहणार ही भीती. मेडिकलमधून गोळ्या आणल्या, बाम चोळला, एकाकडून जोरात मालिश करून घेतली आणि सराव तसाच रेटला.

चौथ्या कार्यक्रमात भर गाण्यात बोटांनी दगा दिला. एका बोटाने सगळ्या तारा आडव्या दाबायच्या असतात, तिला आम्ही बार कॉर्ड म्हणतो. ती धरलीच जाईना. की-बोर्डवाल्याने वेळ मारून नेली. मध्यंतरात चहाचा कप डाव्या हातातून निसटला, तेव्हा मात्र घाबरलो. उरलेले सात कार्यक्रम दुसऱ्याने वाजवले.

मनगटातला बोगदा

मिरजेला हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “करंगळीला मुंग्या येतात का?” येत नव्हत्या. मग दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना लावून, मनगटे वाकवून, मिनिटभर तसेच धरायला सांगितले. अर्धे मिनिट होते न होते तोच डाव्या बोटांत मुंग्या सुरू झाल्या. नंतर नसांची विजेवरची तपासणी झाली आणि दुखण्याला नाव मिळाले, कार्पल टनेल सिंड्रोम.

डॉक्टरांनी समजावले ते असे. तळहाताच्या मुळाशी हाडांचा आणि एका जाड पट्ट्याचा मिळून अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटे वाकवणाऱ्या नऊ दोऱ्या, म्हणजे कंडरा, आणि एक नस जाते. कंडरांभोवतीचे आवरण सुजले किंवा मनगट फार वेळ वाकलेले राहिले की आतली जागा कमी पडते आणि नस दाबली जाते. ही नस अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू सांभाळते. करंगळीची नस वेगळ्या वाटेने जाते, म्हणून पहिला प्रश्न करंगळीचा. झोपेत आपण नकळत मनगट मुडपतो, त्यामुळे त्रास रात्री वाढतो.

सगळीच दुखणी या बोगद्यातली नसतात. अंगठ्याच्या बाजूने मनगट दुखत असेल, अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे झुकवल्यावर कळ येत असेल, तर अंगठ्याच्या कंडरांना सूज असू शकते. बोट वाकल्यावर अडकते आणि खटकन सुटते, ते आणखी निराळे. कोपराच्या बाहेरची बाजू दुखते तो टेनिस एल्बो. २००४ मध्ये सचिन तेंडुलकरला तो झाला आणि हा शब्द घरोघरी पोचला. नाव कुठलेही असो, दुखऱ्या हाताकडून तेच काम त्याच जोराने करून घेत राहिले तर दुखणे मुरते.

“गोळ्यांनी दुखणे झाकले, दाब तसाच राहिला,” डॉक्टर म्हणाले. “आणि दोन वर्षे बसून असलेल्या हाताला तुम्ही एकदम सहा तास राबवलेत. बैलाला तरी असे कोणी जुंपते का?”

उपचार अगदी साधा निघाला. मनगट सरळ ठेवणारा पट्टा रोज रात्री बांधायचा, सहा आठवडे. तीन आठवडे वादन पूर्ण बंद. बोटे सैल ठेवण्याचे हलके व्यायाम. एवढ्याने भागले नाही तर इंजेक्शन, आणि नस फारच दबली असेल तर त्या पट्ट्याला छेद देऊन बोगदा मोकळा करण्याची छोटी शस्त्रक्रिया. माझे दुखणे सौम्य होते, पट्ट्यावर भागले. रक्तातली साखर आणि थायरॉईड तपासायलाही सांगितले, कारण या दोन्ही विकारांत हा त्रास जास्त आढळतो. माझे अहवाल चांगले आले.

घरातला दुसरा हात

पहिल्या रात्री पट्टा बांधताना मी बायकोला सगळे सांगत होतो. ती ऐकत होती. मग म्हणाली, “अहो, माझ्या उजव्या हाताला दोन वर्षं हेच होतंय. मी झटकते आणि झोपते.”

“अगं, मग बोलली का नाहीस?”

“तुमच्या हाताचा कार्यक्रम असतो. माझ्या हाताचा कुठे असतो?”

मला काही उत्तर सुचले नाही. दोन वर्षे ती शेजारी हात झटकत होती आणि मी झोपलेला होतो. रोजच्या भाकऱ्या थापणे, धुणे पिळणे, बादल्या उचलणे. तिचे मनगट माझ्याहून कितीतरी जास्त राबत होते. दुसऱ्याच आठवड्यात तिला घेऊन गेलो. तिला तोच विकार होता, माझ्यापेक्षा पुढे गेलेला, आणि तपासणीत साखरही वाढलेली सापडली. हाताच्या निमित्ताने मधुमेह कळला. औषध-पथ्य सुरू झाले, पट्टा आणि एक इंजेक्शन यावर हातही सुधारला. धुणे पिळायचे काम आता माझ्याकडे आहे.

गिटार पुन्हा हातात

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी गिटार घेऊनच यायला सांगितले. माझे बसणे पाहून म्हणाले, “गिटार मांडीवर इतकी खाली, मग मनगट वाकणारच.” पट्टा आखडून गिटार वर घेतली, तिची मान थोडी उचलली, तसे मनगट आपोआप सरळ झाले. २२ वर्षांत हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

मग गिटार मिरजेच्या एका सतारमेकरांकडे नेली. त्यांनी तारा दाबून पाहिल्या. “बेटा, ही वाजवत होतास की हिच्याशी कुस्ती करत होतास?” बाराव्या पडद्यावर तार लाकडापासून चार मिलिमीटर वर होती. पोलादी तारांच्या गिटारवर सहा तारांचा मिळून सुमारे ७० किलोंचा ताण असतो, त्यात तारा अशा उंच असतील तर प्रत्येक सुरासाठी बोटांना जास्त जोर लावावा लागतो. चाचांनी घोडीवरची पट्टी खालून घासून तारा अडीच मिलिमीटरवर आणल्या. मीही जाड तारा काढून पातळ चढवल्या. गाण्याची पट्टी अवघड असेल तेव्हा कॅपो लावून सोप्या कॉर्ड धरू लागलो.

सरावाची सुरुवात पाच मिनिटांनी केली, दिवसातून दोनदा. दुसऱ्या दिवशी सकाळी हात शांत असेल तरच पाच मिनिटे वाढवायची. मुंग्या आल्या तर एक पायरी मागे. जानेवारी २०२३ मध्ये मी पुन्हा रंगमंचावर उभा राहिलो. आता २५ मिनिटे वाजवले की पाच मिनिटे हात मोकळा सोडतो, आणि शिष्यांनाही हाच नियम आहे. पूर्वी “बोटे दुखल्याशिवाय गिटार येत नाही” असे मीच त्यांना सांगत असे. तारांनी बोटांची टोके सुरुवातीला हुळहुळतात आणि घट्टे पडले की थांबतात, ते ठीक. पण मनगट, कोपर किंवा सांधा दुखणे आणि बोटे बधिर होणे ही साधना नव्हे.

धीर देणारे एक उदाहरण शिष्यांना नेहमी सांगतो. जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचा डावा हात १९२८ मध्ये आगीत भाजला आणि दोन बोटे जवळजवळ निकामी झाली. त्याने उरलेल्या दोन बोटांवर नवी पद्धत बसवली आणि जगभर नाव केले. हात बदलला तर वाजवणे बदलता येते, मात्र आधी हाताचे ऐकावे लागते.

डॉक्टरांकडे कधी जावे?

बधिरपणा दिवसाही टिकू लागला, वस्तू हातातून निसटू लागल्या किंवा अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग बसल्यासारखा दिसू लागला, तर थांबू नये. नस फार काळ दाबलेली राहिली तर गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असे नाही. एक हात अचानक लुळा पडला, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा हाताबरोबर छातीत दुखू लागले, तर तो मनगटाचा विकार नव्हे. तडक दवाखाना गाठावा.

शिलाई मशीन, विळा, दुधाची धार, संगणक, दिवसभराचा मोबाईल, या सगळ्यांचा भार मनगटावरच येतो. तुमच्या घरात रात्री हात झटकून पुन्हा झोपणारे कोणी आहे का? आज जेवताना एकदा विचारून पाहा.